हरण्याच्या विषाणूची वंशावळ बीस्टमध्ये कशी मांडावी

रावेर-यावलच्या पट्ट्यात श्रावणात झड लागली आणि आठ-आठ दिवस आभाळ उघडलं नाही, की मृगबागेतल्या कोवळ्या केळीच्या पानांवर पिवळ्या रेघा उमटू लागतात. पोंगा सडतो, झाड खुंटतं. आपल्याकडे त्याला हरण्या म्हणतात. विषाणूचं नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस, बोलताना सीएमव्ही. मावा त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. शेतकरी रोपं उपटून गाडतो आणि विचारतो, हा आला कुठून?

या प्रश्नाचा काही भाग विषाणूच्या जनुकीय अक्षरांतून सुटू शकतो. त्यासाठी बीस्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांतली एमएस्सीची मुलं दरवर्षी माझ्याकडे याच कामासाठी येतात. लॅपटॉप उघडा असतो, सिक्वेन्सची, म्हणजे विषाणूच्या जनुकीय अक्षरांच्या क्रमाची, फाईल तयार असते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कोणतं बटण दाबायचं?" मी त्यांना आधी नमुन्यांची वही मागते. या लेखातही तोच क्रम ठेवला आहे.

वही आधी

पान तोडलं की तिथल्या तिथे चार गोष्टी लिहा: तारीख, गाव आणि वावर, वाण, आणि लागण होऊन किती दिवस झाले. रोपं टिश्यू कल्चरची होती की कंद लावले होते, तेही लिहा. शेजारच्या वावरात काकडी, भोपळा, मिरची किंवा टोमॅटो असेल तर त्याची नोंद घ्या, कारण सीएमव्ही या पिकांवरही जगतो.

तारखेवर मी एवढा जोर देते त्याला कारण आहे. बीस्ट वंशवृक्ष काळाच्या मापात मांडतो. फांदी किती लांब, म्हणजे किती वर्षांची, हे तो नमुन्यांच्या तारखांवरून शिकतो. २०१२ च्या विषाणूत आणि २०२३ च्या विषाणूत किती अक्षरं बदलली, यावरून वर्षाला बदल किती होतात याचा अंदाज बांधता येतो. तारीख चुकली की तो वेग चुकतो आणि त्यापुढचं सगळंच चुकतं.

एका विद्यार्थ्याच्या फाईलमध्ये ८ एप्रिलचा नमुना होता. वहीत त्याच नमुन्यापुढे लिहिलं होतं, "मृगबाग, लागण होऊन दीड महिना." मृगबाग लागते जून-जुलैत. एप्रिलमध्ये दीड महिन्याचं रोप मृगबागेत कुठून येणार? एक्सेलने दिवस आणि महिना उलटे वाचले होते, पान तोडलं होतं ४ ऑगस्टला. ही चूक पकडली ती वहीतल्या एका ओळीने. म्हणून फाईलमध्ये तारीख कायम वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे २०२३-०८-०४ अशी, आणि एक्सेलमध्ये तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवा.

सिक्वेन्स गोळा करणं

नवशिक्यांनी सीएमव्हीच्या कोट प्रोटीन, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या प्रथिनाच्या, जनुकापासून सुरुवात करावी. ते ६५७ अक्षरांचं आहे. ६५७ ला ३ ने भागलं की २१९ येतात: २१८ अमिनो आम्लं आणि शेवटचा थांबा. हा हिशेब पाठ ठेवा, पुढे चूक शोधायला उपयोगी पडतो. प्रयोगशाळेतून आलेल्या सिक्वेन्सच्या दोन्ही टोकांना प्रायमरची, म्हणजे जनुक वाचायला वापरलेल्या छोट्या तुकड्यांची, अक्षरं असतात. ती विषाणूची नसून आपण घातलेली असतात, म्हणून कापून टाका. क्रोमॅटोग्राम, म्हणजे अक्षरं वाचताना यंत्राने काढलेला आलेख, उघडून एकदा डोळ्यांनी तपासाच. टोकाकडे शिखरं एकमेकांत मिसळलेली दिसली तर तिथल्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका.

फक्त आपले नमुने पुरत नाहीत. दोन हंगामांतली २० पानं घेतली तर त्यांत बदल इतके थोडे असतात की वेग मोजायला आधारच मिळत नाही. जेनबँक या सार्वजनिक भांडारातून जुने आणि बाहेरचे सिक्वेन्स घ्या: इतर राज्यांतले, इतर देशांतले, केळीवरचे आणि केळीबाहेरचेही. बऱ्हाणपूर विसरू नका. रावेरची केळी आणि बऱ्हाणपूरची केळी यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे, माव्याला ती दिसत नाही.

जेनबँकेतून उतरवताना मीही एकदा मोठी चूक केली होती. प्रत्येक नोंदीवर दोन प्रकारच्या तारखा असतात, भांडारात नोंद झाली ती आणि पान गोळा केलं ती. मी घाईत पहिली घेतली. काही नमुने पान तोडल्यावर कित्येक वर्षांनी भांडारात गेलेले होते. माझा वृक्ष दिसायला छान होता, पण त्यातली सालं खोटी होती. 'कलेक्शन डेट' हाच रकाना घ्या. तो रिकामा असेल तर तो सिक्वेन्स बाजूला ठेवा.

प्रत्येक सिक्वेन्सला साधं नाव द्या: गाव, क्रमांक, शेवटी अधोरेषा आणि तारीख. उदाहरणार्थ रावेर०३_२०२३-०८-०४. फाईलमध्ये हे रोमन अक्षरांत लिहायचं. जागा, कंस, स्वल्पविराम टाळा. फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नावही साधं ठेवा. 'माझा प्रोजेक्ट फायनल नवीन' अशा फोल्डरवरून कितीतरी वेळा विनाकारण अडकायला होतं.

अक्षरं एका रांगेत लावणं

आता सगळे सिक्वेन्स एकाखाली एक असे लावायचे की एका रकान्यात एकाच जागेचं अक्षर येईल. याला अलाइनमेंट म्हणतात. मॅफ्ट हे साधन चांगलं आहे आणि मोफत आहे. त्यातून आलेली फाईल अलीव्ह्यूमध्ये उघडा आणि प्रथिनात रूपांतर करून पाहा. मधेच थांब्याची खूण दिसली, तर एखादं अक्षर गळलं आहे किंवा जास्तीचं आलं आहे. ६५७ चा हिशेब इथे कामी येतो.

सीएमव्हीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. त्याचा जीनोम आरएनएच्या तीन तुकड्यांत असतो. एकाच झाडात दोन प्रकारचे विषाणू शिरले तर नव्या विषाणूत एक तुकडा याचा आणि दुसरा त्याचा असं होऊ शकतं. तिन्ही तुकडे जोडून एक लांबलचक सिक्वेन्स करण्याचा मोह होतो, कारण जास्त अक्षरं म्हणजे जास्त माहिती असं वाटतं. पण मामाकडची आणि काकाकडची वंशावळ एकत्र शिवली तर तयार होईल ती कोणाचीच नसेल. प्रत्येक तुकड्याचा वृक्ष वेगळा करा. एकाच तुकड्यातही दोन विषाणूंची अक्षरं मिसळलेली असू शकतात. त्याची तपासणी आरडीपी नावाच्या कार्यक्रमात होते.

बेझचं म्हणणं काय

बटणांकडे वळण्याआधी थोडं थांबू. इथे घाई केली तर पुढचे रकाने तुम्ही डोळे मिटून भराल.

रावेरचा अनुभवी शेतकरी ऑगस्टमध्ये लांबून पिवळं पान पाहतो. जवळ जाण्याआधीच त्याच्या मनात अंदाज असतो: झड लागलेली, बाग कोवळी, शेजारी काकडी, म्हणजे हरण्या असण्याची शक्यता बरीच. हा झाला प्रायर. मग तो पान हातात घेतो. रेघा शिरांना धरून तुटक आहेत की अख्खं पान सारखं पिवळं पडलंय, ते पाहतो. हा पुरावा. दोन्ही एकत्र करून तो ठरवतो, हरण्या की अन्नद्रव्याची कमतरता. हा पोस्टेरियर. इंग्रज गणितज्ञ थॉमस बेझ यांचा या विचाराचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला.

वृक्षाच्या बाबतीत अडचण ही, की शक्यता मोजून संपत नाहीत. फक्त १० नमुने असले तरी मुळासकट वृक्षांचे ३ कोटी ४४ लाख ५९ हजार ४२५ आकार होतात. ४० नमुन्यांसाठी सगळे तपासणं कोणत्याही यंत्राला शक्य नाही. म्हणून एमसीएमसी नावाची भटकंती केली जाते. या पद्धतीचा पाया मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांच्या १९५३ च्या लेखात आहे.

ही भटकंती समजून घ्यायला साक्री-नंदुरबारकडचे ठेलारी आठवा. ठेलाऱ्याचा मेंढ्यांचा कळप चरत चरत फिरतो. जिथे गवत दाट, तिथे तो जास्त दिवस रमतो. जिथे विरळ, तिथून लवकर निघतो, पण उघड्या माळावरूनही कधीमधी जातोच. वर्षभर रोज संध्याकाळी कळप कुठे आहे एवढं टिपलं, तर गवताचा नकाशा हाती येतो. बीस्ट तेच करतो. तो एका वृक्षावरून जवळच्या दुसऱ्या वृक्षावर जातो आणि ठरावीक पावलांनंतर नोंद करतो. ज्या वृक्षाला पुरावा आणि प्रायर दोघांचा आधार जास्त, त्याच्या आसपास तो जास्त वेळा सापडतो.

या कळपाकडून तीन गोष्टी शिकायच्या. वाड्यावरून कुरणापर्यंतच्या प्रवासाचे पहिले दिवस नकाशात धरत नाहीत. ते काढून टाकणं म्हणजे बर्न-इन. दर पाच मिनिटांनी नोंद केली तर वही भरते, माहिती वाढत नाही, कारण कळप त्याच वावरात असतो. खरोखर वेगळ्या म्हणाव्यात अशा नोंदी किती, हा आकडा म्हणजे ईएसएस. आणि दोन वेगळ्या गावांतून निघालेले दोन कळप त्याच कुरणांवर पोचले, तर नकाशावर भरवसा ठेवता येतो. म्हणून प्रत्येक विश्लेषण निदान दोनदा, वेगळ्या सुरुवातीपासून चालवायचं.

बीस्ट की मिस्टर बेझ

काळ नको असेल आणि नातं तेवढं हवं असेल, तर मिस्टर बेझ हा दुसरा कार्यक्रम पुरतो. त्याचा पहिला लेख २००१ चा. तो मुळात दोन स्वतंत्र धावा एकदम करतो आणि त्या किती जुळतात याचा आकडा पडद्यावर दाखवतो. तो ०.०१ च्या खाली येईपर्यंत थांबायचं. साल, वेग, साथ कधी फैलावली असे प्रश्न असतील तर बीस्ट घ्या.

बीस्टच्या दोन शाखा आहेत. ॲलेक्सी ड्रमंड आणि अँड्र्यू रॅम्बॉ यांनी २००७ च्या लेखात मांडलेली मूळ शाखा, आणि रेमको बुकार्ट व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या लेखातली बीस्ट २. दोन्ही चालू आहेत, पण एकीची फाईल दुसरीत चालत नाही. पुढच्या सूचना बीस्ट २ च्या आहेत.

उतरवणं आणि सराव

बीस्टच्या संकेतस्थळावरून जावासोबत बांधलेली आवृत्ती उतरवा, म्हणजे जावा वेगळा टाकण्याची कटकट राहत नाही. त्या संचात ब्यूटी (बीस्टसाठी फाईल तयार करणारा), बीस्ट, ट्रीॲनोटेटर (हजारो वृक्षांतून एक काढणारा) आणि लॉगकंबायनर (धावांच्या नोंदी जोडणारा) येतात. ट्रेसर (नोंदी तपासायला) आणि फिगट्री (वृक्ष पाहायला) वेगळे उतरवावे लागतात.

स्वतःचा डेटा पहिल्या दिवशी घालू नका. संचाच्या 'एक्झाम्पल्स' फोल्डरमध्ये १२ वानरवर्गीय प्राण्यांची ८९८ अक्षरांची फाईल आहे. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा. माणूस आणि चिंपांझी एका फांदीवर आले, लेमूर लांब राहिला, तर यंत्रणा नीट बसली आहे. उत्तर माहीत असलेल्या गणितावर हात बसवला की नंतर चूक कुठे झाली ते ओळखता येतं.

चालवण्याआधी एक चाचणी

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. आयक्यू-ट्री या कार्यक्रमात साधा, काळाशिवायचा वृक्ष काढा, काही मिनिटांचं काम आहे. तो टेम्पेस्टमध्ये उघडा आणि तारखा द्या. टेम्पेस्ट प्रत्येक नमुन्याचं मुळापासूनचं अंतर त्याच्या तारखेसमोर मांडतो. नव्या तारखेचे नमुने मुळापासून लांब, जुने जवळ, अशी चढती रेघ दिसली तर डेटात काळाची खूण आहे. रेघ आडवी किंवा उतरती असेल, तर या डेटावरून सालं काढता येणार नाहीत.

बीस्ट मात्र तरीही सालं देईल. तो कधीच "मला माहीत नाही" असं म्हणून थांबत नाही. मुलं सुंदर रंगीत वृक्ष छापून आणतात, खाली वर्षांची पट्टी असते, आणि ती सगळी वर्षं केवळ प्रायरमधून आलेली असतात. टेम्पेस्टची आलेख-रेघ पाहिल्याशिवाय मी कोणाचा कालवृक्ष वाचत नाही.

रेघेपासून खूप लांब पडलेला एखादा ठिपका दिसला तर आधी त्याची तारीख आणि नाव तपासा. माझी नोंदीच्या तारखांची चूक अशाच ठिपक्यांमुळे उघड झाली. सिक्वेन्स नुसता नको वाटतो म्हणून काढू नका. काढायला कारण हवं, आणि ते कारण अहवालात लिहायला हवं.

ब्यूटीमधले रकाने

ब्यूटी उघडा आणि फाईल मेनूतून अलाइनमेंट आत घ्या.

'टिप डेट्स' मध्ये तारखा वापरण्याची खूण करा. 'ऑटो-कॉन्फिगर' मध्ये शेवटच्या अधोरेषेनंतरचा भाग घ्यायला सांगा आणि तारखेचा नमुना वर्ष-महिना-दिवस असा निवडा. मग यादी वरपासून खालपर्यंत वहीशी ताडून पाहा. चाळीस ओळी म्हणजे दहा मिनिटं.

'साईट मॉडेल' मध्ये अक्षरं कशी बदलतात याचं गृहीतक असतं. ६५७ अक्षरांसाठी एचकेवाय हे १९८५ चं मॉडेल बरं. 'गॅमा कॅटेगरी' ४ करा आणि 'शेप' चा अंदाज घ्यायची खूण करा, कारण सगळ्या जागा सारख्या वेगाने बदलत नाहीत. वरचा 'सब्स्टिट्यूशन रेट' १ वरच राहू द्या, त्यावर अंदाजाची खूण करू नका. तो आणि घड्याळाचा वेग दोन्ही मोकळे सोडले तर दोघांचा गुणाकार तेवढा ठरतो, वेगवेगळे आकडे ठरत नाहीत. कळप मग आयुष्यभर भटकतो.

'क्लॉक मॉडेल' मध्ये पहिल्या वेळी 'स्ट्रिक्ट' घ्या, म्हणजे सगळ्या फांद्यांवर एकच वेग. नंतर 'रिलॅक्स्ड लॉगनॉर्मल' घेऊन पुन्हा चालवा. त्यात फांद्यांच्या वेगातला फरक सांगणारा एक आकडा मिळतो. तो शून्याला चिकटलेला असेल तर स्ट्रिक्ट पुरतं. वेगाचा अंदाज घेण्याची खूण चालू आहे ना, ते इथे पाहा.

'प्रायर्स' हा रकाना सगळ्यात अवघड. वृक्षाच्या प्रायरसाठी एकाच विषाणूचे नमुने असल्याने 'कोअलेसंट' (नमुने मागे जात सामाईक पूर्वजांना कसे मिळतात ते सांगणाऱ्या) कुटुंबातलं मॉडेल घ्यायचं, पहिल्यांदा 'कॉन्स्टंट पॉप्युलेशन'. 'यूल' वगैरे वेगवेगळ्या प्रजातींच्या वृक्षांसाठी असतात. २००५ च्या लेखातलं बेझियन स्कायलाइन संख्येतले चढउतार दाखवतं, पण थोड्या नमुन्यांवर त्याच्या वळणांचा फार अर्थ लावू नका. घड्याळाच्या वेगाचा प्रायर तपासा. तो शून्य ते अनंत असा मोकळा दिसला तर बदला. आरएनए विषाणूंचा वेग साधारण एका जागेमागे वर्षाला दहा हजारांत एक ते हजारात एक बदल या टप्प्यात येतो. तेवढं सांभाळणारा, पण दोन्ही बाजूंना जागा ठेवणारा लॉगनॉर्मल प्रायर द्या. आपला अंदाज इतका घट्ट बांधू नका की पानाला बोलायला जागाच उरणार नाही.

'एमसीएमसी' मध्ये साखळीची लांबी आधीच १ कोटी असते. दर १,००० पावलांनी नोंद केली तर १०,००० नोंदी होतात, त्या पुरेशा आहेत. लॉग (आकड्यांच्या नोंदींची फाईल) आणि वृक्ष दोन्हींचा आकडा सारखा ठेवा. फाईल जतन करा.

आता तीच फाईल दुसऱ्या नावाने, 'सँपल फ्रॉम प्रायर' ची खूण करून, जतन करा. ही धाव अक्षरांकडे बघतच नाही, फक्त प्रायर आणि तारखा वापरते. पुढे तुलनेसाठी लागेल.

चालवताना

बीस्ट उघडा, फाईल द्या, सुरुवात करा. दुसऱ्या धावेला वेगळा 'सीड' (भटकंती कुठून सुरू होईल ते ठरवणारा आकडा) द्या आणि प्रत्येक सीड वहीत लिहा. बीगल नावाची जोडसंहिता बसवली असेल तर गणित वेगाने होतं. दहा लाख पावलांना किती वेळ लागेल ते पडद्यावर येत राहतं, त्यावरून अंदाज बांधा.

आपल्याकडे दोन अडचणी ठरलेल्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी लॅपटॉप तापला की स्वतःच वेग कमी करतो. रात्री चालवा आणि खाली हवा जाईल असा उंच ठेवा, गादीवर नाही. दुसरी अडचण लाईट. बीस्ट २ मध्ये यावर सोय आहे: तो अधूनमधून आपली स्थिती एका फाईलमध्ये जपून ठेवतो. लाईट गेली, लॅपटॉप बंद पडला, तर पुन्हा सुरू करताना 'रिझ्यूम' निवडा. तो जुन्या नोंदींच्या पुढे लिहीत जातो. 'ओव्हरराईट' निवडलं तर रात्रभराचं काम पुसलं जातं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी जवळपास प्रत्येकाने हे एकदा केलं आहे.

ट्रेसरमध्ये काय पाहायचं

लॉग फाईल ट्रेसरमध्ये उघडा. डावीकडे प्रत्येक राशीसमोर ईएसएस दिसतो. २०० च्या वर असावा ही रूढ मर्यादा आहे. लाल किंवा पिवळा आकडा असेल तर तिथे काम बाकी आहे. मग 'ट्रेस' पाहा. तो वर-खाली दाट, सपाट पट्ट्यासारखा दिसला पाहिजे. हळूहळू चढत जाणारी रेघ म्हणजे कळप अजून वाटेत आहे. मधेच पायरीसारखी उडी म्हणजे दोन कुरणं आहेत आणि तो क्वचितच एकातून दुसऱ्यात जातोय. ईएसएस थोडा कमी असेल तर धाव लांबवा. फारच कमी असेल तर लांबवून भागत नाही, मॉडेल गरजेपेक्षा गुंतागुंतीचं झालेलं असतं किंवा ब्यूटीत काहीतरी चुकलेलं असतं.

दोन्ही धावा एकत्र उघडून त्यांचे आलेख एकमेकांवर पडतात का ते बघा. मग प्रायरवाली धाव उघडा. मुळाचं साल आणि घड्याळाचा वेग यांचे आलेख खऱ्या धावेत आणि प्रायरच्या धावेत जवळपास सारखेच असतील, तर तुमच्या सिक्वेन्सनी काहीच नवं सांगितलेलं नाही. हा निष्कर्षही अहवालात लिहायचा असतो. लपवू नका, पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्यावरूनच जास्त जुने नमुने शोधेल.

वृक्ष वाचणं

हातात आता हजारो वृक्ष आहेत. ट्रीॲनोटेटर त्यांचा एक प्रातिनिधिक वृक्ष काढतो. बर्न-इन १० टक्के द्या आणि 'मॅक्झिमम क्लेड क्रेडिबिलिटी' निवडा. फिगट्रीत उघडून गाठींवर 'पोस्टेरियर' चे आकडे आणि वयाच्या ९५ टक्के पट्ट्या लावा.

पोस्टेरियर ०.९५ म्हणजे धावेतल्या शंभरातल्या ९५ वृक्षांत हे नमुने एकाच गटात होते. ०.४ असेल तर त्या गाठीवर कथा रचू नका. घराण्याची वंशावळ दोन म्हाताऱ्यांना विचारली तर आजोबांपर्यंत दोघांचं जुळतं, पणजोबांच्या भावांवर वाद होतो. इथेही वरच्या टोकाशी जुळतं आणि खोलवर मतभेद असतात. भाटाच्या वहीत एकच उत्तर लिहिलेलं असतं, बीस्ट मतभेद किती आहे तेही सांगतो, आणि तो सांगावा म्हणूनच ही मेहनत आहे.

साल लिहिताना पट्टी सोडू नका. "२००९ मध्ये" असं न लिहिता "२००९, ९५ टक्के पट्टी २००३ ते २०१३" असं लिहा. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.

आता हा आला कुठून याकडे येऊ. खानदेशचे सगळे नमुने एका घट्ट गटात आले, तर एकदा शिरून इथेच पसरल्याची शक्यता दिसते. ते बऱ्हाणपूर, गुजरात, दक्षिणेतल्या नमुन्यांमध्ये विखुरलेले असतील, तर तो अनेकदा आला असावा. पण ज्या भागातली पानं तुमच्याकडे नाहीत तो भाग वृक्षात दिसणारच नाही. गटाच्या मुळाचं साल म्हणजे त्या नमुन्यांच्या सामाईक पूर्वजाचं साल. विषाणू खानदेशात त्याच साली आला असं त्यातून निघत नाही. तो पूर्वज दुसऱ्याच प्रांतातला असू शकतो. "अमुक साली टिश्यू कल्चरच्या रोपांतून आला" असं वाक्य लिहायचा मोह झाला तर त्या रोपांचे नमुने आपल्याकडे आहेत का, ते आधी बघा.

काम संपवताना

ब्यूटीची फाईल, दोन्ही लॉग, सीड, बीस्टची आवृत्ती आणि काढून टाकलेल्या सिक्वेन्सची यादी एका फोल्डरमध्ये ठेवा. स्वतःचे सिक्वेन्स जेनबँकेत टाका आणि पान गोळा केल्याची तारीख व तालुका भरल्याशिवाय टाकू नका. आपण इतरांच्या रिकाम्या रकान्यांवर किती चडफडतो ते आठवा.

शेवटी छापलेला वृक्ष घेऊन पान देणाऱ्या शेतकऱ्याकडे जा. मी दरवेळी जाते. मागच्या पावसाळ्यात यावल तालुक्यातल्या एका आप्पांनी कागद बराच वेळ उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "यात माझं वावर कुठलं?" मी बोट ठेवलं. त्यांनी शेजारच्या फांदीवरचं गाव वाचलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "त्यांची अन् आमची रोपं एकाच गाडीत आली होती, ताई. तुम्ही ते लिहिलंच नाही." मी वही उघडली आणि त्या नमुन्यापुढे ते लिहिलं. पुढच्या हंगामापासून आमच्या नोंदीत रोपांच्या गाडीसाठी एक वेगळा रकाना आहे.